पांढरी पडलेली अंगठी

फेस पॅकची चौदा पाकिटं, सगळी सीलबंद. क्रीमच्या नऊ ट्यूब, त्यातल्या तीन उघडलेल्या. गुलाबपाण्याच्या चार बाटल्या, मेणाचा एक डबा, दोऱ्याची दोन रिळं, दोन खुर्च्या. भिंतीवर एक आरसा आणि एक सोनेरी फ्रेम.

अंबडच्या शालूच्या पार्लरमधली मोजदाद संपली, तरी औषध निरीक्षक यशश्रीला हवी असलेली वस्तू त्यात नव्हती. तिला एक पांढरी डबी हवी होती, लेबल नसलेली.

सकाळी जालन्याच्या दवाखान्यातून फोन आला होता. मीना नावाची बावीस वर्षांची मुलगी, पाय सुजलेले, डोळे मिटण्याइतका चेहरा फुगलेला. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीतून पाव ग्रॅमसुद्धा प्रथिनं जात नाहीत. मीनाची जात होती सात पूर्णांक आठ ग्रॅम. कारण कळल्याशिवाय उपचार अंदाजानंच करावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले. आणि चेहरा मात्र दोन महिन्यांत विलक्षण उजळलाय, हेही.

यशश्री आधी दवाखान्यात गेली होती. मीनाची आई द्वारकाबाई खाटेपाशी बसून होती.

"मावशी, चेहऱ्याला काय लावायची ही?"

"शालूनं डबी दिल्ती, पांढरी, वर नाव नसलेली. पाव्हणे बघायला येणार म्हणून. आंघोळ झाली की लावायची, कुंकवाच्या बोटानं."

"डबी आहे घरी?"

"सरली. धुवून कापूर ठेवलाय तिच्यात."

धुतलेल्या डबीतून काय निघणार? तेवढ्यात तिला मीनाच्या उजव्या अनामिकेतली अंगठी दिसली. खिडकीच्या उजेडात लखलखत होती.

"ही चांदीची का?"

"तांब्याची हाय, बाई. लगीन जमत न्हाई म्हणून गुरुजीनं घालायला लावल्ती. महिन्यात पांढरीफटक पडली. म्हणलं, ग्रह उतरून राह्यला." द्वारकाबाईचा आवाज बोलता बोलता खाली आला. "मंग मीच म्हणलं तिला, अजून लाव. गुण येतोय."

अंगठी बघून आलेली शंका यशश्रीनं डॉक्टरांना तिथंच सांगितली. अंगठी मागितली. ग्रह परत येईल म्हणून द्वारकाबाईनं ती काढून द्यायला बराच वेळ लावला.

अंबडला पार्लर सापडेना, म्हणून यशश्रीनं एका सौंदर्यसामानाच्या दुकानात विचारलं; पार्लर त्याच्या शेजारीच निघालं. दुकानदार हरिओम गणपतीच्या कोनाड्यापुढं उदबत्ती ओवाळत होता. कोनाड्यात तांब्याचा पेला, त्यात पूजेची पळी. पळीचा दांडा तांबूस, मळका. खालची वाटी चंदेरी. हरिओमनं हात जोडूनच डोळ्यानं वाट दाखवली. "शालू गरीब बाई हाय, मॅडम," तो मागून म्हणाला, "पण या बायका काय काय कालवतात, देव जाणे."

आता शालू समोर उभी होती आणि पदराचा पिळा करत होती.

"डबी तुम्ही बनवली?"

"न्हाई."

"मग कुणाकडून आली?"

शालू भिंतीवरच्या फ्रेमकडं बघत राहिली. फ्रेमवर अशोकस्तंभासारखं काहीतरी होतं आणि खाली 'सौंदर्य तज्ज्ञ परवाना, महाराष्ट्र'.

"किती जणींना दिल्या?"

"सात-आठ. सगळ्या लग्नाच्या." मग हळूच, "मॅडम, माझं लायसन जाईल का?"

"हे लायसन तुम्हाला कुणी दिलं?"

परवान्यासाठी घाबरणारी बाई परवान्याकडं बघते. शालू मध्येच शेजारच्या दुकानाकडच्या भिंतीकडं बघायची. यशश्रीनं तिला सोबत घेतलं आणि हरिओमच्या दुकानात गेली.

"हरिओमभाऊ, ती पळी जरा द्या."

"पूजेची हाय, मॅडम."

"म्हणूनच मागतेय."

तिनं पळी काचेच्या काउंटरवर ठेवली आणि शेजारी मीनाची अंगठी. दोन्हींचा रंग एकच होता.

"ही घासता कशानं?"

"लिंबानं. चमकणारच की."

"लिंबानं घासलेलं तांबं लाल होतं, पांढरं होत नाही. आणि घासायचीच तर दांडा कुणी सोडत नाही. पळीचा बुडणारा भाग तेवढा पांढरा आहे. मीनाचं एक बोट क्रीममध्ये बुडायचं, त्या बोटातली अंगठी तेवढी पांढरी झाली. पाऱ्याचा क्षार ओल्या तांब्याला लागला की तांब्यावर पारा चढतो. चांदीसारखा दिसतो. चेहराही त्याच पाऱ्यानं उजळतो, आणि तोच कातडीतून मूत्रपिंडात जातो."

हरिओम हसला. "पळी तर शालूपण नेऊ शकती."

"शालूताईंच्या पार्लरमध्ये देव्हारा नाही, पळी नाही. एकही मोकळी डबी नाही. डब्या भरणाऱ्याकडं माप लागतं. मागची खोली उघडा."

मागं निळा ड्रम होता, निम्मा भरलेला, मोकळ्या पांढऱ्या डब्या आणि झाकणांचं पोतं. यशश्रीनं पळीभर क्रीम एका डबीत घातलं. डबी काठोकाठ भरली.

"मापाला बराबर बसती, म्हणून घेतली," हरिओम म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मुंबईचा माल हाय. मी फक्त भरून राह्यलो. पारा-बिरा मला काय ठाऊक."

तेव्हा शालू बोलली. डब्या खपवल्या नाहीत तर लायसन रद्द करीन, असं हरिओमनं तिला सांगितलं होतं. फ्रेम त्यानंच दिली होती, वरपर्यंत ओळख असल्याचं सांगून. मीना सुजली तेव्हा शालूनं त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, तोंड उघडलं तर पार्लर बंद.

"भिंतीवर फ्रेम नसली तर बाई खुर्चीत बसत न्हाई, मॅडम," हरिओम म्हणाला. "मी फ्रेम दिली. त्यात कुणाचं वाईट केलं?"

यशश्री शालूकडं वळली. सांगणं तिला जड गेलं.

"शालूताई, पार्लरवालीला असा परवाना या राज्यात कुणीच देत नाही. दुकानाची नोंदणी असते, ती तुमची आहे. परवाना लागतो तो क्रीम बनवणाऱ्याला आणि भरणाऱ्याला. तो यांच्याकडं नाही."



"मंग माझं रद्द काय होणार व्हतं?"

"काहीच नाही."

शालू दुकानाच्या पायरीवर बसली.

ड्रम सीलबंद झाला. पोलिसांनी हरिओमला नेलं. पुढच्या आठवड्यात तो जामिनावर सुटून गल्ल्यावर बसला. तसल्याच सोनेरी फ्रेमा यशश्रीला तालुक्यात आणखी अकरा ठिकाणी दिसल्या. त्या उतरवण्याचा अधिकार तिच्या कायद्यात नव्हता. तिनं पोलिसांना कळवलं, पोच आली. डब्या घेतलेल्या मुलींपैकी दोघी लग्न होऊन परगावी गेल्या होत्या. त्यांचे पत्ते शालूला ठाऊक नव्हते.

प्रयोगशाळेनं क्रीमचा अहवाल पाठवला. दहा लाख भागांत एकापेक्षा जास्त पारा चालत नाही. निघाला होता अकरा हजार सहाशे.

द्वारकाबाईचा फोन आला. अंगठी कधी परत मिळेल, असं ती विचारत होती. पुराव्यात जमा आहे, खटला संपेपर्यंत मिळणार नाही, असं यशश्रीनं सांगितलं.

"तिला लावू नको म्हणलं असतं तर," द्वारकाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

क्रीम बंद होऊन सहा आठवडे झाले, तेव्हा डॉक्टरांनी मीनाची तपासणी पुन्हा केली. अहवाल त्यांनी यशश्रीला पाठवला. आधीचा आकडा ७.८ होता.

चोवीस तासांच्या लघवीतील प्रथिने : ८.३ ग्रॅम.