उरेल ते अक्काचं

“अक्काला महिन्याला किती लागतं?”

नानांनी विचारलं आणि खडू फळ्याला टेकवून ते वाट पाहत उभे राहिले... आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या त्या घरातल्या एकाही माणसाला उत्तर देता आलं नाही. आईने भाऊकडे पाहिलं, भाऊने धाकटीकडे पाहिलं, आणि एरवी दुसऱ्याचं वाक्य तोडून उत्तर देणाऱ्या धाकटीने चक्क पाण्याचा पेला तोंडाला लावला. अखेर अक्काच हसली. “मला काय लागणार नाना? मांडा काहीतरी,” ती म्हणाली, आणि नानांनी खरोखरच काहीतरी मांडलं.

हा फळा म्हणजे या घराचा कारभारी होता. नाना गणिताचे शिकवणी वर्ग घ्यायचे तेव्हापासून तो जेवणाच्या खोलीत होता. पुढे घशाच्या दुखण्याने नानांचा आवाज बसला, वर्ग बंद पडले, पण फळा काही हलला नाही. दर महिन्याला त्यावर घरखर्च मांडला जाई. वर घरभाडं, मग नानांची औषधं, धाकटीच्या वास्तुकलेच्या कॉलेजची फी, भाऊच्या चष्म्याच्या दुकानाचा गाळा, आणि अगदी तळाला, फळ्याची लाकडी चौकट लागते तिथे, कोणीतरी कधीकाळी गमतीने लिहिलेली ओळ... ‘उरेल ते अक्काचं’. ती ओळ कोणी पुसली नाही, आणि तिथे काही उरलं असंही सहसा झालं नाही.

अक्का दात घडवायची. मूर्तिकला शिकायची तिची केवढी उत्कट इच्छा होती, पण नानांचे वर्ग बंद पडले त्याच वर्षी तिने कॉलेज सोडलं आणि एका दंतवैद्य बाईंच्या प्रयोगशाळेत मेण आणि प्लास्टरशी संसार मांडला. देवाने दिलेले दात आणि अक्काने केलेले दात यांत फरक ओळखून दाखवा, अशी पैज त्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्याशी लावायच्या. त्यांनीच अक्काच्या कामाचे फोटो परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेला पाठवले, आणि तिथून बोलावणं आलं होतं. महिनाअखेर होकार कळवायचा होता. “फळ्यावर हिशोब बसला, तर जा,” एवढंच नाना म्हणाले होते.

आणि अक्काला जायचं होतं! हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. पगाराचं सोडा, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दूर बसलेल्या माणसाने तिचे हात मागितले होते, आणि त्या विचाराने प्रयोगशाळेच्या भट्टीसमोर बसल्या बसल्या तिचा ऊर भरून येई.

भाऊने मेहनत घेतली नाही असं मात्र कोणी म्हणू नये. तिकडे राहणाऱ्या ओळखीच्या माणसांना फोन करून करून त्याने खोलीचं भाडं, भाड्याची अनामत, कर, विमा, बसचा पास, हिवाळ्यात खोली गरम ठेवायचा खर्च, पावापासून अंड्यांपर्यंत सगळ्याचे भाव काढले होते. चुकला तो एकाच ठिकाणी. या घराच्या रीतीप्रमाणे त्यानेही वरून सुरुवात केली होती. पहिली ओळ ‘घरी पाठवायचे’, आणि त्या भरवशावर त्याने शेजारचा गाळाही बोलून ठेवला होता. मग कर, मग विमा... आणि राहिलेल्या चतकोर जागेत अक्का. खोली परवडेना म्हणून तिघींच्या खोलीतली एक खाट ठरली, पासाऐवजी पायी जाणं ठरलं, आणि जेवणाचा आकडा आई सांगेल तसा धरला गेला. आईला तरी काय ठाऊक असणार! सगळ्यांची पानं आवरल्यावर, भांड्यात राहिलेलं घेऊन, ओट्याशी उभी राहून जेवणाऱ्या मुलीचं जेवण कोणी मोजलेलंच नव्हतं.

एवढ्यात भागेल का, अशी शंका आईला आली, तेव्हा धाकटीने तोडगा काढला. महिनाभर रंगीत तालीम करायची. अक्काने गच्चीवरच्या खोलीत राहायचं, फळ्यावरच्या आकड्याइतकेच पैसे हातात घ्यायचे, आणि पाव असो की हीटर, तिकडच्या दराने भाऊकडे पैसे मोजायचे. धाकटीने पुठ्ठ्यावर ‘परदेश’ असं रंगवून खोलीच्या दारावर चिकटवलं. भाऊ घरमालक झाला आणि भाडं मागताना उगाच नाकात बोलू लागला. अक्का खाली आली की आई हसत हसत चहाचे पैसे घ्यायची, आणि घोटभर जास्त ओतून द्यायची.

पहिले काही दिवस घर हसत होतं. पण फळ्यावरचा तो आकडा फारच तोकडा होता, आणि हिशोब बसला नाही तर परदेश नाही, हे अक्काच्या मनात पक्कं रुतून बसलं होतं. मग तिने तेच केलं जे ती जन्मभर करत आली होती... स्वतःला थोडं आणखी आवरलं. चहाला खाली येणं बंद केलं. हीटर न लावता ती कोट घालून झोपू लागली. संध्याकाळी कोणी गच्चीच्या जिन्यावरून “जेवलीस का गं?” असं विचारलं, की “झालं की,” असं इतकं सहज म्हणायची, की विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं. बोटं बारीक झाली, गालांची हाडं वर आली, आणि आई म्हणाली, कामाचा ताण असेल.

मग एके दिवशी प्रयोगशाळेत अक्काच्या हातून चिनीमातीचा, भट्टीतून नुकताच काढलेला तीन दातांचा जोड निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले. इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. तुकडे उचलायला ती वाकली, आणि मग तिला कोणीतरी खुर्चीवर बसवत होतं एवढंच आठवत होतं. दंतवैद्य बाईंनी तिला स्वतःच्या गाडीतून घरी आणलं, कोचावर निजवलं, आणि दारातून बाहेर पडण्याआधी वळून साऱ्या घराला एकच प्रश्न विचारला.

“हिला जेवायला घालता की नाही तुम्ही?”

आई दूध तापवायला म्हणून उठली आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली. नाना बराच वेळ फळ्याकडे पाहत होते. मग आपल्या बसक्या, घोगऱ्या आवाजात ते म्हणाले की हिशोब काही बसत नाही, पोरीच्या जिवापेक्षा नोकरी मोठी नाही, तिकडे नकार कळवून टाकावा. त्यांच्या बोलण्यात माया होती, काळजी होती, सगळं होतं... आणि तरीही ते ऐकताना अक्काच्या मिटल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहू लागलं. खर्चातून ती वगळली गेली होती, तेव्हा ती रडली नव्हती. आता तिच्या काळजीपोटी तिचं स्वप्नच वगळलं जात होतं, आणि तेवढं मात्र तिला सोसवेना.

तिच्यासाठी पांघरूण आणायला भाऊ गच्चीवर गेला होता. तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात पांघरूण नव्हतं, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तो त्याने टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. तालमीसाठी त्याने स्वतः मोजून दिलेल्या नोटांपैकी निम्म्याहून अधिक त्यात नीट घडी घालून ठेवलेल्या होत्या.

“अक्का, हे काय आहे?” त्याने विचारलं. “एवढ्याशा पैशांत भागणार नाही म्हणून आम्ही इथे काळजी करतोय, आणि तू त्यातूनही...? कशासाठी?”

अक्का उठून बसली. “धाकटीला शेवटच्या वर्षाला मोठं टेबल लागेल ना, नकाशे काढायचं. म्हटलं, तेवढं जमतंय का बघावं.”

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“खोलीत फक्त पाव आहे, अक्का. शिळा पाव! हीटरची पिनसुद्धा लावलेली नाहीस. मी भाव काढले, मी आकडे मांडले... माझं चुकलं कुठे, ते तरी सांग.”

आणि मग, जन्मात कधी मान वर करून न बोललेली अक्का, अगदी हळू, एकेक शब्द जपून उचलावा तशी बोलली.

“तुझा एकही आकडा चुकलेला नाही रे भाऊ. फक्त त्या हिशोबात मी नाही.” ती नानांकडे वळली. “नाना, मला जायचंय. घरासाठी नाही... माझं मला जायचंय. हिशोब बसत नाही म्हणून नको म्हणू नका. तो पुन्हा मांडा.”

आई ओट्याशीच खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडू लागली. “माझ्या पोरीला किती भूक लागते, हे मला ठाऊक नाही गं... आई म्हणवून घेते मी!” अक्का धडपडत उठून तिच्याजवळ गेली, तेव्हा आईने तिला लहान मुलीसारखं कुशीत ओढलं आणि ओट्यावरच्या ताटलीतला गरम दूधभाताचा घास तिच्या तोंडाशी धरला. तो घास अक्काने मुकाट्याने खाल्ला. दुसराही खाल्ला. तिसऱ्याला तिने आईच्या हातातून ताटलीच घेतली.

नाना उठले. त्यांनी कपडा घेतला आणि फळा वरपासून खालपर्यंत पुसला, तळाची ती जुनी ओळसुद्धा, जोर लावून पुसली. मग खडू अक्काच्या हातात दिला. “वरची ओळ तुझी,” ते म्हणाले. “आधी तू. मग बाकीचे.”

अक्काने वर लिहिलं, ‘मी’. अक्षर जरा वाकडं आलं.

त्याखाली मात्र तिला लिहिताच येईना, इतकी आई सांगत सुटली. स्वतंत्र खोली, खिडकीची. दोन वेळचं गरम जेवण. बसचा पास. जाड कोट, चांगले बूट, हीटर दिवसभर. पहिल्या पगारापर्यंत पुरेल एवढी रक्कम हाताशी, आणि आजारपणासाठी वेगळी. महिन्यातून एक सिनेमा. मूर्तिकलेचा वर्ग तिकडे असेलच, त्याची फी. भाऊ डोळे पुसता पुसता म्हणाला, “आई, अक्का तिकडे नोकरीला चालली आहे, राज्याभिषेकाला नाही.” पण वर्गाची फी त्यानेच अक्काच्या हातातला खडू घेऊन लिहिली, आणि जरा वाढवूनच लिहिली.

अर्थात आता घरच्या ओळी आखडल्या. भाऊने तिथल्या तिथे फोन करून शेजारचा गाळा नको म्हणून कळवलं. चष्मे एका गाळ्यातही नीट दिसतात, म्हणाला. धाकटीने संध्याकाळी एका कचेरीत नकाशे काढायचं काम धरायचं ठरवलं, टेबल तिथलंच वापरता येईल म्हणून. आणि नाना खाकरले. “माझा आवाज बसलाय. गणित बसलेलं नाही,” ते म्हणाले. “दोन-चार मुलं समोर बसवली तर हळू बोलूनही शिकवता येईल. फळा आहेच.”

बेरीज झाली, वजाबाकी झाली, नानांनी ताळा घेतला... आणि हिशोब बसला! चांगला ऐसपैस बसला, वर थोडे उरलेदेखील. ते कुठे घालायचे म्हणून सगळे अक्काकडे पाहू लागले, तेव्हा तिने खाली वाकून, चौकटीला लागून, ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘उरेल ते घराचं’. त्यावर आधी नाना हसले, आणि मग सगळं घर हसलं.

होकार त्याच दुपारी गेला.

परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात, एका रविवारी, अक्काने फोनवर साऱ्या घराला आपली खोली दाखवली. खिडकी, खिडकीत वाळत ठेवलेला, वर्गात केलेला मातीचा हात. पलीकडे आईच्या मागे फळा दिसत होता. खालच्या भागात नानांच्या विद्यार्थ्यांची अर्धवट सोडवलेली गणितं होती, पण वरची ‘मी’ ही ओळ तशीच होती, आणि तिच्याभोवती चौकट आखून नाना कोणाला ती पुसू देत नव्हते. भाऊ भाव विचारत होता, धाकटी त्याचं वाक्य तोडत होती, आणि आई दर वेळेसारखीच सगळ्यांना गप्प करून विचारत होती, आज काय काय जेवलीस, ते सांग. नुसतं ‘झालं की’ तिला आता चालत नसे.

“अजून जेवायची आहे,” अक्का म्हणाली. “भूक लागली आहे मला, आई. ठेवते.”

आईने मान हलवली. अक्काने फोन ठेवला, हीटर थोडा वाढवला, आणि शेगडीवरचं वाफाळतं भांडं टेबलावर आणून त्यातलं पहिलं वाढप आपल्या ताटात घेतलं. मग ती खुर्ची ओढून, नीट बसून जेवली.