उमेदवार क्रमांक सात : गैरहजर

ही घटना खरी आहे. कारखान्याच्या कार्मिक विभागात मी एकवीस वर्षं काढली. खोटं लिहिण्याचा मला सराव आहे, पण तो अहवालांपुरता. हे अहवालात बसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

तारीख १४ मे २००८, बुधवार. ठिकाण, गडचांदूरच्या बाजूचा एक सिमेंट कारखाना. नाव सांगत नाही, ओळखीचे लोक अजून तिथे आहेत.

वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे पावणेएक. बाहेर सेहेचाळीस अंश. भूतसुद्धा सावली शोधेल असं ऊन.

वरून हुकूम आला होता. यापुढे भरतीच्या मुलाखती कॉम्प्युटरवर घ्यायच्या. उमेदवार कुठल्यातरी सायबर कॅफेत बसणार, कॅमेऱ्यासमोर उत्तरं देणार, आणि आम्ही ती एसीत बसून बघणार. दोन कंपन्यांनी आपापलं सॉफ्टवेअर चाचणीला दिलं होतं, एक हैदराबादची, एक पुण्याची. दोन्हींची तुलना करून कोणतं घ्यायचं ते मी सांगायचं.

मुलाखतीच्या खोलीत दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले. आमचा कॉम्प्युटरवाला नागसेन म्हणाला, "साहेब, चाचणीले धा-धा नावं टाका लागते. पन आताचे उमेदवार नका टाकू. उद्या कोनी नोकरीची ऑर्डर मागाले येईन."

मी १९९६ चं मुलाखतीचं रजिस्टर काढलं. 'गैरहजर' शेरा असलेली दहा नावं दोन्हीकडे भरली.

गैरहजर माणूस तक्रार करत नाही, असा माझा अनुभव होता.

होता.

आता आमच्याकडचे दोन नियम सांगतो. पहिला, मुलाखतीला उमेदवाराचं नाव दारात उभं राहून तीनदा पुकारायचं. तिन्ही वेळा ओ आली नाही, तरच गैरहजर. दुसरा, रोज दुपारी एक वाजता मागच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडतात. भोंगा झाला की रस्ता बंद, आणि जो जिथे असेल तो तिथेच. दुसरा भोंगा होईपर्यंत बाहेर पडायचं नाही.

नागसेन जेवायला गेला. दाराबाहेर स्टुलावर ठमाबाई बसली होती, आमच्या ऑफिसची शिपाई.

एक वाजला. भोंगा झाला.

मी आत अडकलो. रोजचंच होतं.

पाचेक मिनिटांनी हैदराबादवाल्या पडद्यावर ओळ उमटली...

'उमेदवार क्रमांक ७ जोडला गेला आहे.'

नागसेनची गंमत, मी मनात म्हटलं.

चित्र आलं. पंचविशीतला एक माणूस. पांढरा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस, मांडीवर पिशवीत गुंडाळलेली सर्टिफिकेटं. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मी तुलनेच्या तक्त्यात लिहिलं : चित्र स्पष्ट. आवाज नाही.

मग त्याच्या मागची भिंत दिसली...

खाली निळी, वर पांढरी. खिळ्याला कारखान्याचं जुनं कॅलेंडर.

ती याच खोलीची भिंत होती. रंग बदलायच्या आधीची.

तेवढ्यात पुणेवाल्या कॉम्प्युटरमधून खरखर आली. पडदा काळाच होता. नुसता आवाज... धापा टाकण्याचा. लांबून पळत आलेल्या माणसाचा.

मी सवयीनं लिहिलं : आवाज स्पष्ट. चित्र नाही.

आणि पेन थांबलं.

"आलो साहेब."

दोन वेगळ्या कंपन्या. दोन वेगळ्या तारा. पण एकावरचे ओठ आणि दुसऱ्यावरचे शब्द जुळत होते.

मी दोन्ही बंद करायला गेलो. होईनात. तारा उपटल्या. पडदे चालूच.

दाराकडे गेलो. त्या दाराला कडी नव्हती. तरीही उघडेना.

"ठमाबाई!" मी ओरडलो. दोन हातांवर बसलेली बाई. उत्तर नाही.

बाहेरून काहीच येत नव्हतं. ट्रकचा आवाज नाही. सुरुंगाचा हादरा नाही. घड्याळात पावणेदोन झालेले, आणि दुसरा भोंगा नाही.

"सुरुंगापायी रस्ता बंद होता साहेब," मागून आवाज आला. "मी गेटवरच हुभा होतो. तुमी नाव पुकारलं, मले आयकू आलं. पन... एकदाच आयकू आलं."

मी वळलो नाही.

"तीनदा पुकारतेत नं साहेब?"

शेवटी वळलो. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. मी भरलेल्यांतलं सातवं नाव, मुखरू आत्राम. पुढे माझ्याच अक्षरात : 'तीनदा पुकारले. गैरहजर.'

आता कबूल करतो. शहाण्णवच्या त्या दिवशी जेवणाची वेळ झाली होती. मी एकदाच पुकारलं होतं.

"पुकारा नं साहेब. बाकीचं पुकारा."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नुसती विनंती होती. नोकरी मागायला आलेला माणूस बोलतो तशी.

मी दाराला तोंड लावून पुकारलं. "मुखरू आत्राम!"

मान वळवून पाहिलं. पडद्यावरचा माणूस उठून उभा राहिला होता.

"मुखरू आत्राम..."

पडद्यावर नुसती खुर्ची उरली. धापाही थांबल्या.

तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसरा पुकारा झाला की उमेदवार आत येतो. मला तो आत नको होता. मी तसाच उभा राहिलो, डोळे मिटून, दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून, किती वेळ ते ठाऊक नाही.

मग दुसरा भोंगा झाला. दार ओढताच उघडलं.

ठमाबाई स्टुलावरून उठून भिंतीला लागून उभी होती. माझं घड्याळ आता एक वाजून वीस मिनिटं दाखवत होतं.

"साहेब, मुखरूले काऊन पुकारलं?"

"तू ओळखतेस त्याला?"

"आमच्याच गावचा होता. नोकरी नाई भेटली म्हून ठेकेदाराकडं खानीत लागला. सुरुंगाचा गोटा लागला डोक्शात. त्याच वर्षी मेला नं तो."

"मी दोनदाच पुकारलं," मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

"दोनदाच आयकलं मी बी. मंग दार उघडलं नं लागलं."

"मी बाहेर आलो ते."

"नाई साहेब. त्याच्या आंधी. दार आतल्या आंगी उघडलं, जसं कोनी अंदर गेलं."

मी हिशेब केला. आज दोनदा...

आणि शहाण्णव साली एकदा.

ठमाबाई उंबऱ्याच्या आत आली नाही. "हजेरी तं लावा त्याची," एवढंच म्हणाली. मी लाल पेननं 'गैरहजर' खोडलं. 'हजर' लिहिलं.

अहवालात मी लिहिलं : हैदराबादचं चित्र उत्तम, पुण्याचा आवाज उत्तम, दोन्ही एकत्र वापरू नयेत. वरच्यांना तो विनोद वाटला. त्यांनी हैदराबादचं घेतलं.

मी दोन वर्षांनी नोकरी सोडली. आता चंद्रपूरला असतो. इथे भोंगा ऐकू येत नाही.

पण हजेरी लागलेल्या उमेदवाराचा निकाल द्यावा लागतो. सातव्या नावापुढचा निकालाचा रकाना मी कोराच ठेवून आलो. मेलेल्या माणसाला निवडलं असं लिहिता येत नाही. नाकारलं असं लिहायचं... ते एकदा केलं होतं.

माझ्या टेबलासमोर मी खुर्ची ठेवत नाही. बायको म्हणते, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बसायचं कुठे?

तिला काय सांगू? रोज दुपारी एक वाजला की टेबलापलीकडून, जिथे खुर्ची नाही तिथून, पिशवीतले कागद सावरल्याचा आवाज येतो...

तो काही बोलत नाही. वाट बघतो.