एक जूनची हर्षाली

गंगापूरच्या कालव्याकाठी सकाळी सव्वासहाला हर्षाली भोये पळत होती आणि तिच्या मागोमाग एक स्कूटर चालली होती. पुढे जाईना, मागे राहीना. दोन किलोमीटर तिने सहन केलं, मग गर्रकन वळली.

"काय हो, रस्ता कमी पडला का तुम्हाला?"

स्कूटरवाला इतका दचकला की गाडी बंदच पडली. चष्मा, इस्त्रीचा शर्ट आणि डोळे... डोळे बरे होते, पण तेवढ्याने काय होतंय!

"तुमचं... तुमचं आधार कार्ड बघायचं होतं."

आता मुलीशी ओळख काढायची ही काय रीत झाली? हर्षालीने वाकून सरळ दगड उचलला. तेव्हा त्याने घाईघाईने गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं. अश्विन पगारे, क्रीडा कार्यालय.

दगड खाली गेला, पण संशय काही गेला नाही. हर्षाली सुरगाण्याच्या पाड्यावरची. पाच वर्षं नाशिकला राहून जयराम सरांच्या हाताखाली पळत होती. यंदा आपल्या आणि जपानच्या सरकारात खेळांसाठी करार झाला होता. वीस वर्षांखालच्या आठ मुली सहा महिने तिकडे सरावाला जाणार, खर्च दोन्ही सरकारांचा. यादीत तिचं नाव होतं. पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं, म्हणजे हुकली ती हुकलीच.

"अडचण काय आहे," अश्विन चाचरत म्हणाला, "तुमच्या यादीतल्या पाच मुलींचा जन्म एक जूनचा. जपानवाले विचारतात, असं कसं?"

"अहो, शाळेत नाव घालताना घरी कुणाला तारीख आठवत नाही. मग गुरुजी एक जून टाकून मोकळे! आमच्या अख्ख्या पाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी."

"मला माहितीये. माझ्या बाबांचाही एक जूनच. पण हे जपानला कसं पटवायचं? खरी नोंद शोधावी लागेल."

झालं! त्या दिवसापासून हा माणूस रोज कालव्यावर हजर. कधी केळी घेऊन, कधी लिंबूपाणी. हर्षाली केळं खायची आणि मनात म्हणायची, खाऊ घालून माझ्याकडून काहीतरी वदवून घेतोय मेला.

"चौकशी एका दिवसात होत नाही का हो?" तिने एकदा विचारलंच.

"होते की."

"मग रोज कशाला येता?"

"प्रश्न विसरतो..."

"लिहून आणत जा."

"लिहून आणतो. कागद विसरतो."

तिला हसू आलं. ते तिने घाम पुसायच्या निमित्ताने टॉवेलात लपवलं. "जपानला नागलीची भाकरी मिळेल का?" असं त्याने विचारलं, तर ती रात्री अंथरुणावर त्याच्यातही डाव शोधत बसली. आणि डाव सापडेना, तेव्हा आणखीच घाबरली. कारण स्कूटरचा आवाज आला नाही की तिचे पाय जड व्हायचे, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

"सरकारी माणूस एवढा गोड का बोलतोय, ते आधी बघ," जयराम सर म्हणाले. "वरून कुणाची तरी पोर घुसवायची असेल."

रविवारी ती पाड्यावर गेली, तर अंगणवाडीच्या कुसाबाईंनी तिला बांधावरच गाठलं.

"तुझा साहेब येऊन गेला ना गं. दोन जीपा बदलून आला व्हता. माझं जुनं रजिस्टर काढाय लावलं. नऊ ऑक्टोबर दोन हजार सहा, माझ्या हातची नोंद हाय. लय खूश झाला."

"मला बोलला नाही तो."

"आन् जाता जाता इचारलं, पोरीचं लगीन ठरलंय काय म्हून."

हर्षालीचं डोकंच फिरलं. लग्न? करारात लग्नाचं कलम कुठून आलं? म्हणजे वयात काही सापडलं नाही तर लग्नावरून नाव काढणार! आणि आपण मूर्खासारखी त्याची वाट बघत होतो... जीपमध्ये तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शुक्रवारी कागद दिल्लीला जायचे होते. दुपारी ती तडक कार्यालयात घुसली. टेबलावर पाच फायली होत्या. चार फायलींवर अश्विनची सही होती. तिच्या फायलीवर जागा कोरी.

"माझीच का राहिली?" तिचा आवाज फाटला. "पाच वर्षं पळतेय मी! काय वाकडं केलं तुमचं?"

अश्विनने सहीच्या वरची छापील ओळ दाखवली. 'सदर खेळाडूशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही.'

"चौघींच्या खाली केली," तो म्हणाला. "तुमच्या खाली केली असती तर... खोटी झाली असती. उद्या कुणी बोट दाखवलं, तर तुमची जागा गेली असती."

मग त्याने एक अर्ज पुढे सरकवला. वर साहेबांचा शेरा, खाली आवक क्रमांकाचा गोल शिक्का.

'सदर खेळाडूविषयी माझ्या मनात प्रेमभाव उत्पन्न झाल्याने मला त्यांच्या पडताळणीतून मुक्त करावे. सदर खेळाडूस याची कल्पना नाही.'

हर्षालीने तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना कानशिलं तापली. आजूबाजूला बघते तो काय, सगळं कार्यालय खाली माना घालून हसत होतं. शिक्का मारणाऱ्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, फक्त हिलाच नाही!

तेवढ्यात अश्विनच्या जागी तिची पडताळणी सोपवलेल्या उज्वला मॅडम आत आल्या. "भोये ना? काल मी स्वतः सुरगाण्याला जाऊन रजिस्टर बघून आले. पासपोर्ट काढून ठेव बाई." त्यांनी उभ्याउभ्या कोऱ्या जागेवर सही ठोकली आणि फाईल बांधायला दिली.

हर्षाली धपकन बाकावर बसली. आनंद इतका झाला होता की रडावं की हसावं तेच कळेना. अश्विन हळूच समोर येऊन उभा राहिला.

"रागावलात?"

"साहेबांना लेखी कळवलंस," ती म्हणाली, "आता मला तोंडी सांग."

त्याने सांगितलं. अडखळत, चष्मा काढत-घालत, पण सगळ्यांसमोर आणि शेवटपर्यंत. आणि ज्याच्या-त्याच्यात खोट काढणाऱ्या त्या पोरीने, एकही उलटा प्रश्न न विचारता, "हो" म्हणून टाकलं.