दस्तगीरमामांचं विरजण

“दाब.”

“दाबला.”

“आता धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

डॉ. विनता आजगावकर अंगणात पोतं अंथरून पिकअपच्या मागच्या डाव्या चाकाखाली आडवी झाली होती. तिने पान्याने ब्रेकच्या नळीचा निपल पाव आटा सैल केला. पारदर्शक नळीतून चहाच्या चोथ्याच्या रंगाचा द्रव बाटलीत उतरला, त्याच्यामागून दोन बुडबुडे आले. तिने निपल पुन्हा आवळला.

“सोड.”

“सुटलो बाबा,” वर केबिनमधून तिचा नवरा सयाजी म्हणाला. “पाय भरून आला गं माझा. रोपांचे ट्रे कधी भरू मी?”

“तीन चाकं राहिलीत अजून. नाटकं करू नकोस.”

सयाजीची नर्सरी होती. आठवड्यातून दोनदा तो उसाची आणि भाजीची रोपं घेऊन सावरखिंडीचा घाट उतरायचा आणि कोकणात पोचवून यायचा. गाडी चालवताना ब्रेकवर नाचायची त्याला खोड होती. प्रत्येक वळणावर करकचून दाबायचा, आणि शेजारी विनता जीव मुठीत धरून बसायची. तिचा थोरला भाऊ याच घाटात गेला होता. तेव्हा गाड्यांमधून जुन्या जातीचं ब्रेक ऑइल असायचं. ते हवेतलं पाणी पिऊन घ्यायचं आणि घाटात तापलं की उकळायचं. मग नळीत वाफ धरायची आणि पेडल लोण्यासारखा खाली जायचा. भावाचं सगळं आवरून आल्यावर विनताने रसायनशास्त्राची पुस्तकं उघडली, ती स्मरणद्रव हा ब्रेकचा नवा द्रव तयार होईपर्यंत मिटली नाहीत.

त्याच बाईने तो द्रव आज घरच्या अंगणात, कायदा धाब्यावर बसवून बदलावा, हे पायरीवर चहा पीत बसलेल्या डॉ. इनामदारांना काही रुचत नव्हतं. ते द्रव-संशोधन केंद्रात सुरक्षा अभियंता होते. विनताला ते वडीलधाऱ्यांसारखे होते, आणि रविवारी चहाला येण्याचा त्यांचा शिरस्ता होता.

“केंद्रात नंबर लावायचास,” ते म्हणाले.

“आठ दिवसांची रांग आहे, सर. आणि पहिल्या चाकाला बुडबुडे निघाले, ते बघितलंत ना?”

“बरं, मला एकदा नीट समजावून सांग. ब्रेक मला कळतात, तुझे कण कळत नाहीत. नवा द्रव भरायचा तर त्यात जुना चमचाभर कशाला?”

विनता चाकाखालून बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, “दुधाला विरजण कशाला लावतो आपण? नव्या द्रवातले कण मोकळे असतात, त्यांना काहीच ठाऊक नसतं. चालवणाऱ्याचा पाय जसा दाब देतो तशा त्यांच्या साखळ्या जुळत जातात. ओळखीचा दाब आला की साखळी तो पुरेपूर चाकापर्यंत नेते, वर स्वतःची थोडी भर घालते. ही जुळणी व्हायला वर्ष लागतं. पण जुळलेल्या द्रवाचा चमचाभर घातला तर रात्रीतून सगळी बाटली तशीच लागते.”

“मग सयाजीच्याच गाडीतला चमचा का नाही घातलास?”

“म्हणजे पुन्हा त्याचंच नाचरं दही!” विनता हसली. “काल दस्तगीरमामांकडून आणलं मी विरजण.”

केबिनमधून सयाजीने मान बाहेर काढली. “मामांचं? आधी का न्हाई बोललीस? अख्खा तालुका त्यांच्या दारात वाटी घेऊन उभा असतो.”

ते खरंच होतं. दस्तगीर मुजावर यांनी चाळीस वर्षं घाटात ट्रक चालवला आणि कुणाच्या गाडीला साधा ओरखडा काढला नाही. नवी गाडी घेतली की लोक पेढे घेऊन मामांकडे जात आणि त्यांच्या ट्रकमधलं चमचाभर विरजण मागून आणत. केंद्राचा याला विरोध होता, पण केंद्राला विचारतं कोण?

चारही चाकं झाली. बाटलीत नितळ, मधाच्या रंगाचा द्रव येऊ लागला, बुडबुडे थांबले. सयाजीने गल्लीत दोन चकरा मारल्या. पाय टेकवला की गाडी मांजरासारखी गपकन थांबत होती. विनताला इतकं बरं वाटलं की तिने स्वतः ट्रे भरायला हात लावला. उरलेला द्रव इनामदारांनी तपासायला म्हणून बरोबर नेला. तीन वाजता सयाजी निघाला.

पावणेचारला इनामदारांचा फोन आला.

“विनता, सयाजी कुठे आहे?”

“घाटाच्या तोंडाशी पोचला असेल. का?”

“चाचणीयंत्राची मोटर आज बंद पडली, म्हणून मी पेडल स्वतःच्या पायाने दाबून बघितला. हलका दाबला तर चाक झकास पकडतं. पण जोरात दाबला, अक्षरशः पेडलवर उभा राहिलो, तर काही नाही. चाकापाशी दाब शून्य! पेडल दगडासारखा.”

“तुमचा दाबमापी बिघडला असेल.”

“तीन दाबमापी लावून बघितले.”

विनता मोढ्यावर खाली बसली. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून त्यात बोट हलकेच घातलं तर ते आत जातं, आणि बुक्की मारली तर वाडगं भरून दगड होतो. तिचे कण त्याच जातीचे होते. अनोळखी दणका बसला की साखळ्या एकमेकींत अडकणार आणि नळीतच बूच होणार, हे तिने स्वतः पहिल्या शोधनिबंधात लिहिलं होतं. तेव्हा त्याची फिकीर वाटली नव्हती, कारण प्रत्येक गाडीचा द्रव आपल्या चालकाचे दणके खात खातच जुळायचा.

पण मामांच्या द्रवाने दणका कधी खाल्लाच नव्हता! मामा घाट दुसऱ्या गियरवर उतरवायचे. गाडीचा वेग इंजिनच धरून ठेवायचं, ब्रेकवर ते अगदी शेवटी पाय टेकवायचे, तोही फुलावर ठेवल्यासारखा. स्मरणद्रव भरल्यापासून नऊ वर्षांत त्यांनी ब्रेक एकदाही करकचून दाबला नव्हता. सगळा तालुका ज्याला उत्तम विरजण म्हणत होता, त्याला घाबरलेला पाय म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं.

आणि ते तिने आपल्या हाताने सयाजीच्या गाडीत भरलं होतं.

तिने इनामदारांना थांबायला सांगून दुसऱ्या फोनवरून सयाजीला लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. मागे इंजिनाचा आवाज नुसता वाढत होता.

“विनू, ब्रेक लागंना गं! दगड झालाय पेडल. दोन्ही पायांनी दाबतोय. गियर पाडायला बघतोय, पडंना. वळणं यायला लागलीत...”

भाऊ गेला तेव्हा त्याच्या फोनवर कोणी नव्हतं, एवढंच तिच्या मनात आलं.

“सयाजी, ब्रेकवरचे पाय उचल.”

“काय?”

“उचल म्हणते ना! तू जोर लावतोयस म्हणून ते लागत नाहीत.”

“येड लागलंय तुला? पाय उचलला तर मेलो की मी!” तो ओरडला. टायर किंचाळल्याचा आवाज आला, रोपांचे ट्रे एका बाजूला घसरले. “कठड्याला घासली, विनू!”

समजावून सांगायला वेळ नव्हता. सांगितलं असतं तरी भ्यायलेल्या माणसाच्या पायाला ते कळलं नसतं. आणि आपणही किंचाळतोय, आपल्या किंचाळण्याने तो आणखी दाबतोय, हे तिच्या ध्यानात आलं. तिने डोळे मिटले. मग ती सकाळच्याच वैतागलेल्या आवाजात म्हणाली, “नाटकं करू नकोस. सोड.”

“सोडला,” सयाजी म्हणाला. तो रडत होता.

“आता नुसत्या अंगठ्याने. दाब.”

“दाबला.”

“एवढाच धर. जास्त नाही. मी आहे इथे चाकापाशी. सोड.”

“सोडला... विनू, पकडला गं! थोडा पकडला!”

“पकडणारच. बडबड नको. दाब.”

अकरा वेळा तिने ‘दाब’ म्हटलं आणि अकरा वेळा ‘सोड’. सहाव्या वेळेला गियर पडला. अकराव्यानंतर इंजिनाचा आवाज हळूहळू उतरत थांबला, आणि वारा तेवढा ऐकू येऊ लागला.

“थांबली,” सयाजी म्हणाला. “पुढचं चाक गटारात हाय. मी हाय. रोपांचा पार चुराडा झाला.”

“जाऊ दे रोपं. चाकाला दगड लाव आणि गाडीपासून लांब बस,” विनता म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरला नाही. जिवंत होता! आयुष्यात पहिल्यांदा त्या घाटाने तिला काहीतरी परत दिलं होतं.

पहिल्या फोनवर इनामदार अजून होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“वाचला,” ती म्हणाली. “सर, मामांकडून ज्यांनी ज्यांनी विरजण नेलं त्यांना आजच्या आज गाठायला हवं. तालुक्यात असतील साठ-सत्तर गाड्या.”

“तालुक्याचा प्रश्न नाही, विनता. केंद्राने पहिल्या तारखेपासून घरगुती विरजणं मोडून काढायला एकच मातृकुंभ, म्हणजे विरजणाचा एकच मूळ साठा, केला. राज्यातल्या सगळ्या गाड्यांना त्यातूनच विरजण जातं. मातृकुंभासाठी चालक निवडायचा निकष तू लिहून दिला होतास. आठवतो?”

तिला आठवला. निवड समितीने एका ओळीत मागितला होता आणि तिने तो एका ओळीत दिला होता: ज्याने ब्रेक एकदाही करकचून दाबलेला नाही, असा चालक.

“मामा निवडले गेले,” ती म्हणाली.

“दुसरं कोण निवडलं जाणार? आणि आपली मोटर दाब हळूहळू वाढवते, घाबरत नाही. म्हणून सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. आजवर एक लाख शहाऐंशी हजार गाड्या झाल्यात. रोजच्या रस्त्यावर त्या उत्तम थांबतात. पुढ्यात पोर आलं, म्हैस आली, आणि माणूस दचकला, की...” मग ते भराभरा बोलू लागले. “सगळ्या गाड्यांच्या ध्वनिपेटीतून एकाच वेळी सूचना सोडायची परवानगी काढलीय मी. रविवारचे चार वाजलेत, निम्म्या गाड्या रस्त्यावर आहेत. वाहिनी उघडी आहे. ब्रेक निकामी आहेत, जोरात दाबू नका, एवढंच सांग. तुझं नाव लोकांना माहीत आहे. बोल.”

चालत्या गाडीत बसलेल्या एवढ्या माणसांना ब्रेक निकामी आहेत असं सांगितलं, तर त्यातला प्रत्येक जण पुढच्याच क्षणी काय करेल, हे विनताने नुकतंच ऐकलं होतं.

“विनता, बोल! वेळ जातोय.”

“एक मिनिट द्या, सर.”

“मिनिटात किती माणसं—”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “आधी माझा आवाज सकाळसारखा होऊ दे.”