‘कृपया थांबा’चं पान

लिफ्टमध्ये तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो तिच्याच कामाला नावं ठेवत होता.

"हे नोंदणीचं अ‍ॅप कुणी बनवलंय कोण जाणे," तो फोनवर सांगत होता, "मागे जायचं बटण दाबावं, तर हे पुन्हा पुढेच ढकलतं." गळ्यात खालच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं ओळखपत्र, खिशाला शाईचा डाग.

"मी बनवलंय," ती म्हणाली.

तिची कंपनी संगणकावरची अ‍ॅप्स ज्या सांगाड्यावर उभी राहतात, ते फ्रेमवर्क बनवायची. खालच्या दवाखान्याचं अ‍ॅपही त्यावरच उभं होतं. त्यातला पुढे-मागे जाण्याचा भाग सर्वस्वी तिचा. पाच वर्षांत कुणाला त्यात खोट सापडली नव्हती आणि ती नाकावर माशी बसू देत नसे. सगळे तिला हेडबाई म्हणत, तेही तिच्या मागे. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिने त्याला तिथल्या तिथे ऐकवलं.

तो चक्क हसला. "मग अंगण बघायला तरी या."

ती गेली, ती त्याला खोटं पाडायलाच. तो नोंदणी कारकून. त्याने एका आजींची माहिती भरली, क्षणभर ‘कृपया थांबा’चं पान आलं आणि मग नंबराची चिठ्ठी. वय चुकलं होतं. त्याने मागे जायचं बटण दाबलं… पुन्हा ‘कृपया थांबा’, पुन्हा चिठ्ठी. तीनदा तेच. शेवटी त्याने अ‍ॅप बंद केलं आणि आजींच्या नातवंडांची चौकशी करत सगळं पहिल्यापासून भरलं, कपाळावर आठीही न आणता. ती पडद्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत राहिली.

चूक मात्र लख्ख दिसली. क्षणभराचं ते पानही तिने माणसाच्या मागच्या वाटेत धरलं होतं. मागे येणारा त्यावर पोचला, की ते आपलं काम इमानेइतबारे करून त्याला पुढे पाठवी. तिचे कान तापले.

वर साहेब म्हणाले, उद्या नवी आवृत्ती जायची आहे, तूर्त बटण लपवून टाक, चूक कुणाची ते कुणाला कळणारही नाही. मोह झाला तिला, का होऊ नये? पण मग आजींचं वय आठवलं. सगळ्यांसमोर ती उभी राहिली. "चूक माझी आहे. बटण लपवणार नाही, दुरुस्त करणार. दोन दिवस द्या."

दुरुस्ती सहा ओळींची. खाली मात्र ती सातदा गेली – तपासायला, असं ती म्हणायची. एकदा गेली असती तरी भागलं असतं.

तिसऱ्या दिवशी काउंटरवर नवी आवृत्ती आली, तेव्हा ती गुपचूप रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. एका आजोबांचा फोन नंबर चुकला. त्याने बटण दाबलं आणि भरलेला अर्ज जसाच्या तसा समोर आला. त्याने पडदाच आजोबांकडे वळवला, जणू घरातलं कुणी पहिलं आलंय.

"आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी केलंय. आणि नव्या आवृत्तीच्या बदलांच्या नोंदीत त्यांनी काय लिहिलंय माहितीये? ‘दोष माझा, शोधला खालच्या मजल्यावरच्या कारकुनाने.’ साऱ्या जगाला वाचता येईल असं!"

"तुमच्या कोण त्या?"

तो अडखळला. "अजून… कुणी नाही. धाडस होत नाही विचारायचं. फार मानी आहे ती."

पाच वर्षांत कौतुक तिने पुष्कळ ऐकलं होतं. पण आज तिचा ऊर भरून आला – स्वतःसाठी, आणि थोडा त्याच्यासाठीही.

"विचारून तर बघ," ती मागून म्हणाली.

सगळी रांग वळली. तो खुर्ची मागे सारून उभा राहिला. आजोबांनी काठी उचलली आणि बाजूला सरकले.

"ये पोरी," ते म्हणाले, "माझा नंबर तू घे."

आणि ती मान ताठ ठेवून, लाजत लाजत, पुढे आली.