दयाळाच्या डोळ्यात

ही गोष्ट १९९६ सालची. त्या फाल्गुनात आमचे हे गेले आणि वैशाखात मी त्यांचा कॅमेरा कपाटातून बाहेर काढला. यात कुणाला विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. पण बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत प्रत्येकाला मत होतं. शेजारचे पुरुषोत्तमराव फोटोक्लबाचे चिटणीस, ह्यांचे जुने मित्र. ते फाटकात उभे राहून म्हणाले, “अक्का, विकून टाका तो. लेन्सला बुरशी लागेल.”

“लागू नये म्हणूनच वापरतेय,” मी म्हटलं.

माझा राग जुना होता. उभ्या संसारात ह्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. “तुझा हात हलतो. अंबूचा हात कसा, दगडासारखा स्थिर!” अंबुबाई म्हणजे ह्यांची पहिली बायको. मी या घरात येण्यापूर्वीच ती गेली. तिच्या रांगोळीची रेघ, तिचा शिवणाचा टाका, सगळ्याचं कौतुक मी ह्यांना वाढता वाढता ऐकलं. पितृपक्षात अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं पान वाढतात. तिचं पान दरवर्षी मीच वाढायची. परसातल्या बुजवलेल्या विहिरीच्या कट्ट्यावर केळीचं पान, शेजारी हिरव्या बांगड्या. मागाहून त्या बांगड्या एखाद्या सवाष्णीला द्यायच्या. नवरा असेपर्यंतच हे करायचं असतं. हे गेल्यावर गुरुजींनी सांगितलं, “आता नको.” मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

कट्ट्यावर पक्षी यायचेच. बुलबुल, शिंजीर, आणि रोज सकाळी एक दयाळ. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टूल टाकून बसायची. पक्षी जिथे बसतो तिथे आधीच फोकस लावून ठेवायचा, तो पुढेमागे सरकला की रिंग केसभर फिरवायची. मला सगळं समजत होतं. तरी गांधीबझारातून धुवून आलेल्या फोटोंत पक्षी धूसर आणि मागचा शेवगा पानन् पान स्पष्ट! दयाळाचं तर डोकं काळं आणि डोळा त्याहून काळा. डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसला तरच फोकस सापडला म्हणायचं. मला तो सापडेना.

“वय झालं, अक्का,” पुरुषोत्तमराव फोटो चाळत म्हणाले. “शेवगा मात्र झकास आलाय. शेंगांचं प्रदर्शन असेल तेव्हा कळवतो.”

डिसेंबरात क्लबाची स्पर्धा होती, ‘परसातले पक्षी’. मी त्याच क्षणी ठरवलं. एक फोटो, माझ्या हातचा, लख्ख. मग कुणी मला हात हलतो म्हणून दाखवावं.

त्या वर्षीची नवमी आली. कट्टा मी झाडूनसुद्धा घेतला नाही. दयाळ आला आणि रिकाम्या दगडावर, पान ठेवायच्या जागी बसला. मी रिंग फिरवली. जुन्या ग्रीसनं ती जड झाली होती. पण मी थांबले तरी ती अजून थोडी फिरली, अगदी तेलातून फिरावी तशी.

दयाळाच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका आला. मी बटण दाबलं.

फोटो पाहून मी भर दुकानात हसले. पीस न् पीस मोजून घ्यावं असा आला होता. पुढचा रोलही तसाच. मग हळूहळू ध्यानात आलं, की मी फिरवायच्या आधीच रिंग फिरू लागते. मी ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “मेल्यावरही शिकवायचं सोडणार नाही का?” मला वाटलं हेच आहेत. दुसरं कोण असणार?

फोटोला पहिलं बक्षीस जाहीर झालं. प्रदर्शनासाठी क्लबानं तो दाराएवढा मोठा करून घेतला. आणि एका दुपारी पुरुषोत्तमराव त्याचा तुकडा गुंडाळून घेऊन आले. माझ्याकडे राहणारी माझी भाची आश्लेषा तेव्हा ऑफिसला सुट्टी म्हणून घरी होती.

“अक्का, रागावू नका,” ते म्हणाले. “नियम आहे. फोटो एकट्यानं काढलेला पाहिजे.”

“एकटीनंच काढला.”

“स्वल्प मदत घेतली असेल. आश्लेषाची. आम्ही काय परके आहोत? फक्त बक्षीस...”

“मी?” आश्लेषा म्हणाली. “काका, मी सकाळी सातलाच बस पकडते. आणि मला कॅमेऱ्याचं झाकण कुठलं तेही कळत नाही.”

“मग हे कोण?”

त्यांनी कागद उलगडला. दयाळाचा डोळा ताटाएवढा झाला होता. काळ्यात उजेडाचा ठिपका, आणि तो ठिपका म्हणजे आमची खिडकी. खिडकीचे गज. गजांमागे मी. उजवा हात बटणावर, डावा रिंगवर.

डाव्या हातावर आणखी एक हात.

मी भिंग मागितलं. दाणे दाणे झालेल्या त्या चित्रात मनगटावर हिरव्या रेघा होत्या. कोपरापर्यंत.

आश्लेषा कधीच बांगड्या घालायची नाही. माझ्या मनगटावर फक्त घड्याळ होतं.

“बघितलंत?” पुरुषोत्तमराव म्हणाले.

“बघितलं. फोटो माझा आहे.”

“अक्का, अहो, हात तर...”

“फोटो माझा आहे!” माझा आवाज चढला. “जन्मभर ऐकलंय मी, हिचा हात, तिचा हात. मी मदत मागितली नाही. कुणाकडेच नाही.”

ते गेले. बक्षीस दुसऱ्या कुणाला दिलं.

सकाळी मी पुन्हा खिडकीत बसले. दयाळ कट्ट्यावर होता. मी डावा हात मांडीवर ठेवला, रिंगला बोट लावलं नाही.

“अंबुबाई,” मी म्हटलं. तिचं नाव मी पहिल्यांदाच उच्चारलं. “हात काढा.”

काचेतून सगळं धूसर दिसत होतं. मग दिसू लागलं. पंख, चोच, डोळा, डोळ्यातली खिडकी.

मी कॅमेरा ओट्यावर ठेवला. तो पुन्हा उचलला नाही.

पुरुषोत्तमराव पुढे मुलाकडे नागपूरला गेले आणि तिथेच वारले. क्लबही मोडला. आमचं घर पाडून तिथे फ्लॅट झाले, कट्ट्याच्या जागी स्कूटर उभ्या असतात. कॅमेरा कुणी नेला, आठवत नाही. मी आता सर्जापूर रोडला आश्लेषाकडे असते. इथे गॅलरीला जाळी आहे, पक्षी येत नाहीत.

डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सुईचं नेढं दिसत नाही. तरी दोरा पहिल्या खेपेलाच ओवला जातो. “आत्या, तुझा हात किती स्थिर गं!” आश्लेषा म्हणते.

गेल्या नवमीला मी ओवलेला दोरा ओढून काढला. मला तो माझ्याच हातानं ओवायचा होता. टोक ओलं केलं, हात लांब केला आणि मुद्दाम नेढ्यापासून बाजूला नेला.

तो हळूच जागेवर आणला गेला. माझ्या मनगटापाशी काच किणकिणली.