विसूभाऊंवरचा गुन्हा

पुलावरच्या कॅमेऱ्याने विसूभाऊंना ओळखलं, पण कोणाला सांगितलं नाही.

कालपर्यंत सांगत असे. त्यातली 'चालओळख' यंत्रणा चेहरा बघत नाही. पाय टाकण्याची लय बघते, आणि ती बोटांच्या ठशांसारखी ज्याची त्याची असते. विसूभाऊ नाचणकरांची आठवण गेली, लय तेवढी राहिली. रोज दुपारी ते पूल ओलांडून, कधीच विकून टाकलेलं आपलं शिंप्याचं दुकान उघडायला निघत. यंत्र पलीकडच्या चौकीला कळवी, आणि हवालदार बाबल त्यांना स्कूटरवर बसवून घरी आणून सोडी. वर त्यांच्या बायकोच्या, इंदूताईंच्या हातचा चहा पिऊन जाई.

आजपासून हा प्रांत संघाबाहेर होता, आणि पूल म्हणजे सरहद्द.

"अहो मॅडम, बाबलला फोन लावा ना," इंदूताई चौकीत येऊन म्हणाल्या.

सब-इन्स्पेक्टर मृणाल तळगावकरने आधीच लावला होता. बाबल चाचरत म्हणाला होता, "तुमचा माणूस आमच्या पडद्यावर आता बिननावाचा दिसतो, मॅडम. करारात बसला तरच नाव येतं. आणि मला पूल ओलांडायची मनाई."

दोन्हीकडच्या पोलिसांमधला हा करार मृणालला पाठ होता. तो लिहिणाऱ्या समितीत ती होती. शिक्का कोणाचा वर नि कोणाचा खाली, यावरच कितीतरी बैठका खर्ची पडल्या होत्या. करारात खुनी आले, तस्कर आले, पोलिसी कुत्र्यांचे दाखलेसुद्धा आले. हरवलेली माणसं राहिली. ते काम कधी काम म्हणून झालंच नव्हतं. दोन चौक्यांच्या ओळखीवर नि चहावर भागत होतं. फुकट मिळणारं मागून घ्यायचं कोणाला सुचतं?

"म्हणजे चोर सापडतो आणि आमचे हे नाही?"

"नाही, ताई."

इंदूताईंनी मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं. "मग लिहा. ह्यांनी माझं मंगळसूत्र चोरलं."

"खोटी तक्रार आहे ही."

"खाडीला भरती येतेय. त्यांना पाणी नि रस्ता सारखाच. लिहा!"

मृणालने लिहिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं: आरोपी जुन्या बाजारात, बंद दुकानासमोर. बाबलने त्यांना ताब्यात घेतलं.

"बघा, चोराला केवढा मान!" इंदूताई हसल्या आणि मग डोळे पुसत बसल्या.

तक्रार मागे घेण्याचा अर्ज लगेच गेला. मंगळसूत्राचा फोटोही जोडला. उत्तर आलं: माल परत मिळाल्याची नोंद घेतली आहे; तक्रार कायम.

कारण पलीकडच्या अधिकाऱ्याने दरम्यान आपलं काम चोख उरकलं होतं. दागिना तुम्हीच घेतलात का, असं त्याने विचारलं. विसूभाऊंनी जन्मात कधी गिऱ्हाइकाशी हुज्जत घातली नव्हती. म्हणाले, "बायको म्हणते तर घेतला असेल हो."

कबुलीनंतर तक्रार मागे घेता येत नाही; कबुली आरोपीनेच फिरवायची असते. धाकदपटशाने तक्रारी दाबल्या जाऊ नयेत म्हणून हे कलम मृणालनेच सुचवलं होतं. बैठकीत त्यावर बाकं वाजली होती.

महिन्याभराने पलीकडच्या तुरुंगात काचेआडून भेट मिळाली. विसूभाऊंनी बायकोकडे परक्यासारखं पाहिलं.

"काका, एकदाच म्हणा, मी चोरी केली नाही," मृणाल विनवत होती.

विसूभाऊंची नजर इंदूताईंच्या गळ्यातल्या मंगळसूत्रावर थांबली. चेहरा एकदम सैल झाला.

"सापडलं का, बाई, तुमचं? मीच नेलं होतं. चुकलं माझं."

इंदूताईंनी काचेवरचा हात काढला नाही. मृणालकडे वळून हळूच विचारलं, "मॅडम, माझं नावसुद्धा विसरले. मग हे कसं हो लक्षात राहिलं?"